उजेड पडला की चालू होणारं औषध: प्रकाशाने जागी होणारी धातूंची संयुगं

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मामांचा व्हिडिओ आला. निळ्या-जांभळ्या अ‍ॅनिमेशनमध्ये एका गाठीवर लाल किरण पडतो आणि गाठ विरघळून जाते. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ना ऑपरेशन, ना किमो, फक्त प्रकाश. पाठोपाठ मामांचा व्हॉइस मेसेज: "काऊन वं, तू तं केमिस्ट्री शिकली ना? मंग हे लाइटवालं औषध आपल्या अकोल्यात भेटन का, ते पाय जरा."

मामा दर्यापूर तालुक्यात राहतात. कापूस आणि तुरीची शेती, आणि वीस-बावीस वर्षांपासून खर्रा. डाव्या गालाच्या आतून एक पांढरा चट्टा होता, त्यावर दोन महिने न भरलेली जखम. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला, म्हणजे बायोप्सीला सांगितलं होतं. व्हिडिओ पाहिल्यावर मामांनी ती पुढे ढकलली. लाइटनेच बरं होत असेल तर कापाकापी कशाला, असा त्यांचा हिशोब.

मी अमरावतीला केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. लॅबमध्ये तांबं, कोबाल्ट, निकेल यांची रंगीत संयुगं बनवण्यात दोन वर्षं गेली. त्यामुळे व्हिडिओ पाहताच एक गोष्ट कळली: तो पूर्ण खोटा नाही. अशी औषधं खरंच आहेत. आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. साफ खोटी गोष्ट माणूस सोडून देतो, अर्धी खरी गोष्ट धरून बसतो. मामांना समजावताना जे जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून काढते आहे.

आधी एका परिच्छेदात

काही संयुगं अंधारात शांत असतात. त्यांच्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की ती चालू होतात: काही जवळच्या ऑक्सिजनला भडकवतात, काही स्वतः तुटून आतलं औषध सोडतात. यातल्या बऱ्याच संयुगांच्या मधोमध धातूचा एक अणू बसलेला असतो. फायदा असा की औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरलं तरी काम फक्त तिथेच करतं, जिथे डॉक्टर प्रकाश टाकतात. तोटाही तोच: जिथे प्रकाश पोचत नाही तिथे काम होत नाही. हा लेख शेवटपर्यंत या दोन वाक्यांभोवतीच फिरणार आहे.

हे तुम्ही आधीच पाहिलंय

मेडिकलमध्ये बी-१२ चं, म्हणजे मिथाइलकोबालामिनचं इंजेक्शन मागा. काचेची कुपी तपकिरी रंगाची मिळेल. कंपनीची ती आवड नाही. या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातू असतो आणि त्याला एक कार्बन चिकटलेला असतो. उजेड पडला की कोबाल्ट आणि कार्बन यांच्यातला बंध तुटतो आणि मूळ संयुग राहत नाही. तपकिरी काच त्याला सावलीत ठेवते.

दुसरी जागा आयसीयू. रक्तदाब खूप चढला की झटपट उतरवण्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध सलाइनमधून देतात. ती बाटली काळ्या कागदात किंवा चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेली दिसते. या औषधात मधोमध लोह असतं, त्याला नायट्रिक ऑक्साइडचा एक आणि सायनाइडचे पाच गट धरून बसलेले असतात. शरीरात गेल्यावर सुटणारं नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतं. पण बाटली उजेडात राहिली तर संयुग आधीच फुटायला लागतं आणि सायनाइडही सुटू शकतं. द्रावण फिकट तपकिरी असेल तर ठीक. निळसर किंवा हिरवट झालं तर ते फेकून द्यायचं असतं.

तिसरी जागा शेत. झाडाचं हिरवं पान म्हणजे प्रकाशाने चालणाऱ्या धातूच्या संयुगाचा जगातला सगळ्यात मोठा कारखाना. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. पानातच मँगेनीज आणि कॅल्शियमचा एक छोटा गुच्छ असतो, तो पाण्याचे तुकडे करून ऑक्सिजन सोडतो. आपण जो श्वास घेतोय तो ऑक्सिजन मुळात तिथला.

करून बघा: पालक आणि नोटा तपासायची टॉर्च

पालकाची दोन-तीन पानं चुरगाळून थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये किंवा पातळ सॅनिटायझरमध्ये घाला. हे द्रव पेट घेतात, म्हणून गॅसपासून लांब. दहा मिनिटांनी हिरवं पाणी गाळून छोट्या काचेच्या ग्लासात घ्या. खोलीत अंधार करा आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात ती जांभळी यूव्ही टॉर्च बाजूने मारा. टॉर्च डोळ्यांकडे नको. हिरवं पाणी लालभडक चमकताना दिसेल.

असं का? पानात असताना हरितद्रव्याने पकडलेली ऊर्जा लगेच पुढच्या रेणूकडे जाते आणि शेवटी साखर बनवायला लागते. आपण पान चुरगाळलं, ती साखळी तुटली. आता ऊर्जा पकडली जाते, पण द्यायला पुढे कुणी नाही. मग ती लाल उजेड होऊन बाहेर पडते.

ही ऊर्जा लाल उजेडाऐवजी ऑक्सिजनला दिली तर? तिथून औषधाची गोष्ट सुरू होते.

धातू नेमकं करतो काय?

प्रकाश शोषलेला रेणू फार वेळ तसा राहत नाही. काही अब्जांश सेकंदांत तो उजेड सोडून मोकळा होतो. एवढ्या वेळात शेजारच्या ऑक्सिजनची गाठ पडणं कठीण. बडनेऱ्याला गाडी दोनच मिनिटं थांबली तर चहासुद्धा मिळत नाही, तसं.

रेणूच्या मध्यभागी पॅलेडियम, रुथेनियमसारखा जड धातू बसवला की तो रेणूला एका वेगळ्या, लांब टिकणाऱ्या अवस्थेत ढकलतो. मुक्काम हजारो पटींनी वाढतो. आता ऑक्सिजन येतो, ऊर्जा घेतो आणि 'सिंगलेट ऑक्सिजन' नावाच्या आक्रमक रूपात जातो. हा ऑक्सिजन समोर येईल त्या चरबीला, प्रथिनाला, पेशीच्या पडद्याला जाळतो. पण त्याचं आयुष्य इतकं कमी असतं की पेशीच्या रुंदीच्या सुमारे शंभराव्या भागापलीकडे तो जात नाही. म्हणजे घाव बसतो तो औषध आणि प्रकाश जिथे भेटले, अगदी तिथेच.

सगळे धातू हे काम करत नाहीत, आणि हे मला सगळ्यात आवडणारं प्रकरण आहे. आपल्या शरीरात रक्ताचा लाल रंग बनताना शेवटून दुसरी पायरी असते 'प्रोटोपॉर्फिरिन' नावाचा रेणू. त्याच्या मध्यभागी अजून धातू नसतो आणि तो प्रकाशात चांगलाच भडकतो. शेवटच्या पायरीला त्यात लोह बसतं आणि तो हीम होतो, हिमोग्लोबिनमधला. लोह बसताच भडकणं बंद. लोह ती ऊर्जा क्षणार्धात उष्णता करून टाकतं, ऑक्सिजनला द्यायला काही उरतच नाही. म्हणून आपल्या अंगात एवढं रक्त असूनही आपण वऱ्हाडच्या उन्हात आतून जळत नाही.

शरीरात लोह कमी पडलं तर त्या जागी कधीकधी जस्त जाऊन बसतं. हे जस्तवालं संयुग निळ्या-जांभळ्या प्रकाशात चमकतं. रक्ताच्या थेंबातली ही चमक मोजून लोहाची कमतरता ओळखायची चाचणीही आहे. रेणू तोच, मधला धातू बदलला की स्वभाव बदलला.

रायमुनिया आणि पांढरी कातडी

वऱ्हाडात याचं एक जिवंत उदाहरण आहे, फक्त आपण त्याच्याकडे असं पाहत नाही. मेळघाटाच्या पायथ्याला, बांधावर, पडीक जमिनीत रायमुनिया माजलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात तिला घाणेरी म्हणतात. चारा संपला की गुरं तिला तोंड लावतात. तिच्यातलं विष यकृतावर जातं आणि पित्ताची वाट बंद होते.

एरवी गुरांच्या पोटातले जीवाणू चाऱ्यातल्या हरितद्रव्याचे तुकडे करतात, त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि 'फायलोएरिथ्रिन' नावाचा पदार्थ बनतो. तो पित्तातून बाहेर पडतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पित्ताची वाट बंद झाली की तो रक्तात साचतो, कातडीत पोचतो. मग जनावर उन्हात उभं राहिलं की कातडी लाल होते, सुजते, सोलून निघते. जिथे कातडीत काळा रंग कमी, तिथे जास्त: पांढरे चट्टे, नाकाचा शेंडा, कानाची कड. जनावर सावली सोडत नाही. गुरांचा डॉक्टर आधी त्याला सावलीतच बांधायला सांगतो.

औषध, ऑक्सिजन, प्रकाश. तिन्ही एकत्र आले की जळतं, एक जरी काढलं तरी थांबतं. दवाखान्यात हेच तिकूट मुद्दाम, मोजून-मापून जुळवतात. त्याला म्हणतात फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी. ही कल्पना नवीन नाही. १९०० च्या सुमाराला म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की एका रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात.

दोन प्रकारची यंत्रणा

*पहिला प्रकार, भडकवणारा.* औषध स्वतः संपत नाही, पुन्हा पुन्हा प्रकाश घेतं आणि ऑक्सिजनला पेटवत राहतं. अडचण अशी की मोठ्या गाठीच्या आत रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ऑक्सिजनही कमी. जिथे गरज जास्त तिथेच सरपण नाही.

*दुसरा प्रकार, कुलूपवाला.* इथे औषध धातूला बांधून बंद करून ठेवलेलं असतं. प्रकाश पडला की बंध तुटतो आणि औषध सुटतं. याला ऑक्सिजन लागलाच पाहिजे असं नाही. ब्रिटनमधले रसायनशास्त्रज्ञ पीटर सॅडलर यांच्या गटाने प्लॅटिनमची अशी संयुगं बनवली. प्लॅटिनमच का? कारण सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं नावाजलेलं औषध प्लॅटिनमचंच आहे. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली आणि आजही ते रोज वापरलं जातं. ते किमोमध्ये चांगलं काम करतं, पण मूत्रपिंड, कान, मज्जातंतू यांनाही त्रास देतं, कारण गाठ कुठली आणि कान कुठला हे त्याला कळत नाही. कुलूप लावलेलं प्लॅटिनम फक्त उजेडात उघडलं तर हा त्रास कमी व्हावा, ही आशा. ही संयुगं अजून प्रयोगशाळेतच आहेत.

भारतातही यावर बरंच काम झालंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने लोह, व्हॅनेडियम, कोबाल्ट, प्लॅटिनम यांची प्रकाशाने चालणारी संयुगं वर्षानुवर्षं तपासली. त्यातल्या काहींमध्ये धातूला बांधलेला भिडू होता कर्क्युमिन, म्हणजे आपल्या हळदीतला पिवळा रंग. लगेच हळद लावून उन्हात बसू नका. ते प्रयोग काचेच्या ताटलीतल्या पेशींवर, मोजलेल्या मात्रेने झालेले आहेत.

करून बघा: मोबाइलची टॉर्च आणि बोट

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. अंधारात मोबाइलची टॉर्च लावा आणि क्षणभर बोटाचं टोक त्यावर दाबून धरा. बोट लाल दिसेल. टॉर्च पांढरी आहे, म्हणजे तिच्यात निळा, हिरवा, लाल सगळे रंग आहेत. मग बाकीचे गेले कुठे?

निळा आणि हिरवा रक्तातल्या हिमोग्लोबिनने खाल्ला. लाल कमी खाल्ला जातो, म्हणून तो पलीकडे निघतो. मोबाइलचा कॅमेरा बोटावरून नाडी मोजतो किंवा ऑक्सिमीटर बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन सांगतो, ते याच गोष्टीच्या जोरावर.

औषधासाठी याचा अर्थ असा: निळा प्रकाश कातडीत एक मिलिमीटरही धड जात नाही. हिरवा थोडा जास्त. लाल काही मिलिमीटर. लालच्याही पुढचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा ७०० ते ८०० नॅनोमीटरचा प्रकाश फार तर सेंटिमीटरभर कामाचा. बोटापलीकडे उजेड दिसतो म्हणून फसू नका. दिसण्यापुरता प्रकाश आणि औषध चालू करण्यापुरता प्रकाश यांत खूप फरक आहे.

मामांकडे गेले तेव्हा हाच प्रयोग त्यांच्या गालावर केला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाहेरून गालाला लावली, मामीने तोंडात पाहिलं. आत लालसर उजेड दिसला. मामा खूश झाले: "पाय, पोचते ना?" मग मी तीच टॉर्च तळहातावर लावली, अंगठ्याखालच्या जाड भागावर. पलीकडे जवळपास अंधार. मी म्हटलं, "मामा, जखम किती खोल गेली ते आपल्याला माहीत नाही. ते कळायलाच तर तुकडा काढायचा आहे. खोली माहीत नसताना लाइट कुठवर पोचवायचा, हे कोणता डॉक्टर ठरवणार?" मामा गप्प बसले.

रुग्णांपर्यंत काय पोचलंय?

*पॅलेडियम.* इस्रायलच्या वाइझमन संस्थेत योराम सॅलोमन आणि अविग्दोर शेर्झ यांनी प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंचं हरितद्रव्य घेतलं, त्यातलं मॅग्नेशियम काढून पॅलेडियम बसवलं. त्यातून झालेलं औषध म्हणजे पॅडेलिपॉर्फिन, व्यापारी नाव टूकॅड. प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी युरोपात २०१७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. प्रोस्टेट शरीरात खोल असतं, मग प्रकाश कसा नेतात? रुग्णाला भूल देऊन बारीक प्रकाशतंतू थेट ग्रंथीत घालतात आणि ७५३ नॅनोमीटरचा लेसर साधारण २२ मिनिटं चालवतात. म्हणजे व्हिडिओत दाखवतात तसा बाहेरून किरण नाही. ४१३ पुरुषांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांच्या बायोप्सीत कॅन्सर सापडला नाही, फक्त लक्ष ठेवलेल्या गटात हे प्रमाण १४ टक्के होतं. तरी अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला नाही. इतक्या कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवणंही पुरतं, मग उपचाराचा त्रास का घ्यायचा, हा तिथला मोठा प्रश्न होता.

*रुथेनियम.* कॅनडात शेरी मॅकफार्लंड यांच्या संशोधनातून टीएलडी-१४३३ हे रुथेनियमचं संयुग आलं. ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या असलेल्या कॅन्सरसाठी तपासलं जातंय. नळीने औषध मूत्राशयात सोडायचं, थांबायचं, धुवून काढायचं, मग आत हिरवा लेसर. हिरवाच का, तो तर खोल जात नाही? म्हणूनच! कॅन्सर पातळ थरात आहे आणि त्याखालच्या स्नायूला धक्का लागायला नको. उथळ प्रकाश इथे गुण ठरतो.

*तोंडाचा कॅन्सर.* आपल्याकडचा खरा प्रश्न हा. युरोपात २००१ मध्ये टेमोपॉर्फिन या औषधाला डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरसाठी, बाकी उपाय संपल्यावर वापरायला, मान्यता मिळाली. त्यात धातू नाही. जपानने २०२० मध्ये अशाच, ऑपरेशन होऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठी आणखी एक औषध मान्य केलं. त्यात गाठीला चिकटणारं प्रतिपिंड आणि त्याला जोडलेला रंग असतो. त्या रंगाच्या मधोमध सिलिकॉन असतं, जे पूर्ण धातूही नाही.

भारतातलं काम अलीगढचं. तिथल्या मेडिकल कॉलेजमध्ये अमेरिकेतल्या संशोधकांसोबत तोंडाच्या सुरुवातीच्या, छोट्या कॅन्सरवर स्वस्तातली पीडीटी तपासली गेली. महाग लेसरऐवजी बॅटरीवर चालणारा एलईडी, आणि औषध कुठे साचलंय ते पाहायला चक्क स्मार्टफोनचा कॅमेरा. औषध म्हणून एएलए देतात, त्यापासून पेशी स्वतःच ते प्रोटोपॉर्फिरिन बनवतात. लोह बसायच्या आधी ते कॅन्सरच्या पेशींत साचतं, तेवढ्यात प्रकाश टाकायचा. लोहाला उशीर झाला की औषधाचं काम होतं, अशी ही गंमत. पण लक्षात घ्या: निवडलेले रुग्ण, छोट्या जखमा, आणि सगळ्यांचं निदान आधी झालेलं.

फक्त औषध नाही, हत्यारसुद्धा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही संयुगं रिमोटसारखी वापरतात. रुथेनियमला बांधलेला ग्लुटामेट हा मेंदूतला निरोप्या रेणू मेंदूच्या कापावर सोडतात. तो बांधलेला असेपर्यंत काही होत नाही. मग एका चेतापेशीच्या एका टोकावर प्रकाशाचा ठिपका टाकला की तेवढाच ग्लुटामेट सुटतो आणि तेवढीच पेशी बोलते. अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या गटांनी मिळून २००९ मध्ये हे करून दाखवलं.

निसर्गाने ही युक्ती आपल्या आधीच लावली आहे. काही जीवाणूंमध्ये कारएच नावाचं प्रथिन बी-१२ ला धरून डीएनएवर बसलेलं असतं. ऊन पडलं की कोबाल्ट आणि कार्बनचा बंध तुटतो, प्रथिन डीएनए सोडतं आणि जीवाणू उन्हापासून वाचवणारे रंग बनवायला लागतो. मेडिकलवाला ज्या बंधाला तपकिरी काचेत जपतो, तोच बंध त्या जीवाणूचा डोळा आहे.

वऱ्हाडातली खास अडचण

पीडीटीचं औषध घेतल्यावर काही काळ अंगात ते उरतं. पॅडेलिपॉर्फिन लवकर निघून जातं, त्यात साधारण दोन दिवस जपावं लागतं. पण फोटोफ्रिन या जुन्या औषधानंतर किमान ३० दिवस ऊन टाळायला सांगतात. अकोल्यात मे महिन्यात महिनाभर ऊन टाळायचं, तेही शेतकऱ्याने? रायमुनिया खाल्लेल्या बैलासारखी गत व्हायची. म्हणून अंगातून झटकन निघून जाणारं औषध शोधणं ही आपल्या भागासाठी चैन नाही, गरज आहे.

असा व्हिडिओ आला तर विचारायचे पाच प्रश्न

१. औषध कोणतं? नाव नसेल आणि नुसता 'लाल प्रकाश' असेल तर ती पीडीटी नाही. औषधाशिवाय टॉर्च ही टॉर्चच.

२. प्रकाश कुठवर पोचणार? बाहेरून पोटातली गाठ विरघळवतो म्हणत असेल तर बोटाचा प्रयोग आठवा.

३. कशावर तपासलं? ताटलीतल्या पेशी, उंदीर आणि माणूस या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. बहुतेक संयुगं पहिल्या दोन पायऱ्यांवरच राहतात.

४. कोणत्या टप्प्याच्या आजारासाठी? छोट्या, उथळ जखमेचा उपचार पसरलेल्या आजाराला लागू होत नाही.

५. आधी निदान करा म्हणतो का? तपासणी टाळायला सांगणारा व्हिडिओ तिथेच बंद करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*उन्हाने ही औषधं चालू होतात का?* होतात, आणि तीच भीती असते. उन्हाची मात्रा, जागा, रंग काहीच आपल्या हातात नसतं. दवाखान्यात तिन्ही मोजलेलं असतं.

*बी-१२ ची कुपी उजेडात राहिली, आता ती विषारी झाली का?* तसं नाही, पण आतलं मिथाइलकोबालामिन तेवढं राहिलेलं नसेल. वापरू नका, नवीन घ्या.

*खर्ऱ्यात तंबाखू नसेल तर चालतं का?* नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे.

*तोंडात जखम आहे, कधी दाखवायचं?* दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर लगेच. दातांचा डॉक्टर, जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, जवळ असेल तिथे.

मामांचं काय झालं

टॉर्चच्या त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मामा बायोप्सीला तयार झाले. तोवर पाच आठवडे गेले होते. रिपोर्ट कॅन्सरचा आला. नागपूरला ऑपरेशन झालं, गालाचा भाग आणि चार दात गेले, मग रेडिएशन. त्या पाच आठवड्यांनी नेमकं किती बिघडलं हे कुणी मोजून सांगू शकत नाही, आणि मीही आता विचारत नाही. खर्रा सुटलाय. बोलणं थोडं अस्पष्ट झालंय, पण व्हॉइस मेसेज चालू आहेत.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक व्हिडिओ आला, तोच लाल किरण, नवीन संगीत. या वेळी मामांनी खाली स्वतःच लिहिलं होतं: "औषधाचं नाव सांगतलं नाही यानं." आणि तो व्हिडिओ त्यांनी पुढे कुणालाच पाठवला नव्हता, फक्त मला.